झोंग क्वेईची पिशाचनिर्दालक चित्रे

झोंग क्वेई हा चिनी लोकधर्मात पिशाचांचा काळ मानला जातो. तो स्वतःही भूतच आहे आणि त्याच्या चित्रांतील उग्रतेचे मूळ याच विसंगतीत आहे.

अकराव्या शतकातील विद्वान शेन कुओ याने नोंदविलेल्या कथेनुसार, तांग सम्राट श्वानझोंग (कारकीर्द ७१२–७५६) तापाने आजारी असताना त्याच्या स्वप्नात एक लहान भूत आले आणि यांग ग्वेफेई या त्याच्या लाडक्या राणीची सुगंधी पिशवी व त्याची स्वतःची जेडची बासरी चोरून पळू लागले. तेवढ्यात निळा झगा घातलेल्या एका धिप्पाड भुताने त्याला पकडले, त्याचे डोळे काढले आणि त्याला खाऊन टाकले. आपण लष्करी परीक्षेत अनुत्तीर्ण झालेलो झोंग क्वेई असून साम्राज्यातील पिशाचांचा नाश करण्याची शपथ घेतली आहे, असे त्याने सांगितले. सम्राट जागा झाला तो बरा होऊनच, आणि त्याने वू दाओझी या चित्रकाराकडून ते रूप रंगवून घेतले.

वूचे मूळ चित्र आज उपलब्ध नाही. मात्र त्याविषयीची एक आख्यायिका चिनी कलाविचाराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्या चित्रात झोंग क्वेई तर्जनीने भुताचा डोळा उकरत होता. दहाव्या शतकात शू राज्याच्या राजाला तेथे अंगठा अधिक जोरकस वाटला, म्हणून त्याने ह्वांग च्वान या चित्रकाराला तसा बदल करण्यास सांगितले. ह्वांगने मूळ चित्राला हात न लावता अंगठ्याने डोळा उकरणारे नवे चित्र काढले, कारण वूच्या आकृतीचे सारे बळ, नजर आणि आवेश त्या एका तर्जनीत एकवटले होते.

ही चित्रे प्रामुख्याने वर्षअखेरीस घरात लावली जात. १०७२ मध्ये सुंग सम्राटाने वूच्या चित्रावरून लाकडी ठशाच्या प्रती छापवून मंत्र्यांना वाटल्या. पुढे पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, रोगराईच्या हंगामात, ती लावण्याची प्रथा रूढ झाली. गोंग काई (१२२२–१३०७) याने शाईत रंगविलेल्या, आता वॉशिंग्टन येथे असलेल्या पटात पिशाचे झोंग क्वेई व त्याच्या बहिणीच्या पालख्या वाहतात. पराभूत सुंग घराण्याशी निष्ठावंत राहिलेल्या या चित्रकाराचा रोख मंगोल सत्तेवर होता, असे अनेक अभ्यासक मानतात. एकोणिसाव्या शतकात शांघायचा चित्रकार रेन बोनियन याने झोंग क्वेई हिंगुळाच्या लाल रंगात रंगविला. हिंगुळात दुष्ट शक्ती पळवून लावण्याचे सामर्थ्य असते, अशी श्रद्धा होती.