पांढरा पीयू पिवळा का पडतो?

कोल्हापुरात पावसाळा सरला की रंगकामाला जोर येतो. गेल्या दिवाळीआधी ओळखीच्या घरी पश्चिमेकडच्या पांढऱ्या दारावरची नावाची पाटी काढली. पाटीखालचा चौकोन दुधासारखा पांढरा, भोवतालचं दार तुपाच्या रंगाचं. सगळे रंगाऱ्याला बोल लावू लागले. मला मात्र त्याचा हात चोख वाटला. दाराला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग होता आणि दोष त्याच्या हार्डनरमध्ये होता.

पीयू दोन डब्यांत येतो, बेस आणि हार्डनर. हार्डनरमधलं आयसोसायनेट बेसमधल्या पॉलिऑल या रसायनाशी जोडलं गेलं की कडक, चिवट थर तयार होतो. आयसोसायनेट वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्येच बनवलं होतं, पण त्यातून पॉलियुरेथेन घडवलं ते जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९३७ मध्ये. (बायर कंपनीच्या संस्थापकाशी त्यांचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं एक.)

पुढे स्वस्त आणि झटपट वाळणारे म्हणून अ‍ॅरोमॅटिक हार्डनर रुळले. त्यांच्या रेणूत बेंझिनचं कडं असतं. ते उन्हातले अतिनील किरण शोषतं, त्याची रचना बदलते आणि त्यातून पिवळट संयुगं तयार होतात. पाटीखाली ऊन पोचलं नाही, म्हणून तेवढा चौकोन वाचला. जुन्या ऑइलपेंटचं याच्या अगदी उलट: तो अंधारात पिवळा पडतो, म्हणून कॅलेंडर काढलं की मागची भिंतच पिवळी दिसते. डाग पाटीखाली आहे की बाहेर, एवढ्यावरून रंगाची जात बरीचशी ओळखता येते.

उपाय म्हणजे बेंझिनचं कडं नसलेला अ‍ॅलिफॅटिक हार्डनर. त्यातलं एचडीआय हे आयसोसायनेट जुनंच, पण ते मोकळ्या रूपात उडून जाणारं आणि श्वासाला घातक. त्याचे रेणू आपसात जोडून मोठे केल्यावर ते रंगात वापरण्याजोगं झालं. विमानं आणि बसगाड्यांचे बाहेरचे रंग आज बहुतेक याच कुळातले. पण अ‍ॅलिफॅटिक हार्डनर महाग पडतो. त्यामुळे टॉपकोटखाली झाकल्या जाणाऱ्या प्रायमरला किंवा यंत्राच्या आतल्या भागाला अ‍ॅरोमॅटिक चालतो. उन्हातल्या पांढऱ्या दाराला तो मुळीच लावू नये.

आपल्याकडच्या पावसात हार्डनरच्या डब्याचं झाकण उघडं ठेवणंही नडतं. आयसोसायनेट हवेतल्या ओलीशी मिसळून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि थरावर बारीक फोड येतात.

आणि हार्डनर कितीही चांगला असला, तरी रंगद्रव्य कच्चं असेल तर लाल रंग उन्हात विटतोच. गेरूतला लाल टिकतो, कारण तो लोहाचा ऑक्साइड असतो आणि उन्हाने त्याचं काही बिघडत नाही.