बट्टिकलोआ: मुखद्वारावरचं गाव

कोर्लईचा किल्ला बघायला जाणारे पुष्कळ, पण खाली गावात लोक घरी जी बोली बोलतात ती पोर्तुगीजमधून आलीये हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे. 'नो लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. 1740 ला चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, बोली राहिली. या बोलीची एक लांबची मावसबहीण श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ नावाच्या छोट्या शहरात आहे, आणि तिथून तर पोर्तुगीज 1638 लाच गेले, म्हणजे आपल्या चौलच्या 100 वर्षं आधी! मला या गावाचा नाद लागला तो इथून.

तमिळमध्ये गावाचं नाव मट्टक्कळप्पु. यातलं 'कळप्पु' म्हणजे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो ते खाजण: समुद्र वाळूचा दांडा घालतो आणि त्याच्या मागे पाणी अडकून राहतं ते. (गोव्यातली खाजन जमीन वेगळी, ती बांध घालून समुद्राकडून मिळवलेली शेतजमीन, घोळ करू नका.) तर हे खाजण 50 किलोमीटरपेक्षा जास्त लांब, किनाऱ्याला समांतर पसरलेलं, एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला वाळूची अरुंद पट्टी, पट्टीपलीकडे थेट बंगालचा उपसागर. जुनं शहर खाजणातल्या पुलियनतीवु नावाच्या बेटावर, नवं शहर आजूबाजूला पसरलेलं. खाजण जिथं समुद्राला मिळतं त्या जागेला लोक मुगत्तुवारम म्हणतात. हळू म्हणून बघा, आपलं मुखद्वारच आहे ते. आणि या गावाचा इतिहास वाचताना मला तर असं वाटत गेलं की आलेल्या जवळपास प्रत्येकाला इथं गाव नकोच होतं, दार हवं होतं.

दार कशाचं, तर कँडीचं. सोळाव्या शतकाच्या शेवटी लंकेचा पश्चिम किनारा पोर्तुगीजांनी धरला होता आणि मधल्या डोंगरात कँडीचे राजे टिकून होते, त्यांना समुद्राकडे जायला राहिली ती पूर्वेकडची वाट. 1602 च्या मे महिन्यात योरिस फान स्पिलबर्गन हा डच दर्यावर्दी इथंच उतरला आणि आत डोंगरात जाऊन विमलधर्मसूर्य राजाला भेटला, पोर्तुगीजांना हाकलायचंय, मदत करता का वगैरे बोलणी झाली. मागून आला दुसरा डच, सेबाल्ड द वेर्ट. याने पकडलेली पोर्तुगीज जहाजं परस्पर सोडून दिली, त्यावरून राजाशी वाजलं आणि 1603 मध्ये तो आपल्या माणसांसकट इथंच मारला गेला. याच माणसाच्या नावावरून दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंडजवळच्या बेटांना एकेकाळी सेबाल्ड बेटं म्हणायचे. कुठून कुठं जाऊन मेला बघा.

मधे एक गोष्ट घडली जी परदेशी किल्ल्यांच्या इतिहासात दोन ओळीत उरकतात, पण आजच्या शहराच्या दृष्टीने तीच मोठी आहे. 1626 च्या सुमारास पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरचे मुसलमान व्यापारी हाकलले, तेव्हा कँडीच्या सेनारत राजाने त्यातल्या सुमारे 4000 जणांना या पूर्व किनाऱ्यावर वसवलं. आज शहराच्या दक्षिणेला त्याच वाळूच्या पट्टीवर काट्टनकुडी हे दाट मुस्लिम वस्तीचं गाव आहे. आणि गंमत अशी की या भागातले तमिळ हिंदू आणि मुसलमान दोघंही आईकडून चालणारी कुळं मानत आलेत, 'कुडि' म्हणतात त्याला, आणि लग्नात घर मुलीच्या नावावर होतं, जावई तिथं राहायला येतो. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक हसतात, तिथं तीच रीत.

1628 ला पोर्तुगीजांनी बेटावर किल्ला बांधला, कारण सरळ होतं, कँडीचं दार बंद करायचं. दहाच वर्षं टिकला. 1638 च्या मार्चमध्ये कँडीजवळ गन्नोरुवाला तिथला राजा दुसरा राजसिंह याने पोर्तुगीज फौज कापून काढली आणि मे महिन्यात अ‍ॅडम वेस्टरवोल्टच्या डच जहाजांनी राजाच्या मदतीने किल्ला घेतला. 23 मे ला इथंच तह झाला आणि त्यात मेख होती: जिंकलेल्या किल्ल्यात डच शिबंदी ठेवायची ती 'राजाला योग्य वाटलं तर', हे शब्द राजाकडच्या प्रतीत होते, डचांच्या प्रतीत नव्हते! पुढची कित्येक वर्षं यावरून भांडणं झाली. सिंहली लोक या सगळ्याला म्हणतात आलं देऊन मिरची घेतली. आपण आगीतून फुफाट्यात म्हणू, पण आलं-मिरची जास्त झोंबते. मधे डच निघून गेले, 1668 ला परत येऊन बसले, 1795 ला इंग्रजांनी घेतलं. पुढे जिल्ह्याची कचेरी बरीच वर्षं याच किल्ल्यात होती, आणि तिथं शब्दही 'कच्चेरी'च आहे.

पोर्तुगीज गेले म्हणजे सत्ता गेली, माणसं राहिली. इथल्याच बायकांशी लग्नं झालेली, पोरंबाळं झालेली, ती कुठं जाणार. हे बर्घर लोक. डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली तरी यातले बरेच कॅथलिक राहिले, आणि बोलीचं म्हणाल तर उलटंच झालं, लंकेतल्या डच घरांतसुद्धा पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे पोर्तुगीजमधून आलेली ही मिश्र बोली, बोलली जाऊ लागली. मालकाची भाषा हरली म्हणायची. बट्टिकलोआचे बर्घर पिढ्यानपिढ्या सुतार, लोहार, चांभार, शिंपी अशा कामांत, लग्नात व्हायोलिन आणि काफ्रिन्याचा नाच, बाहेर तमिळ आणि घरात क्रिओल. आता तरुण पोरं तमिळ-इंग्रजीवरच भागवतात, कोर्लईत मराठीपुढे 'नो लिंग'चं जे होतंय साधारण तसंच. बाकी किल्लीला तमिळमध्येही 'चावी' म्हणतात, आपणही चावीच म्हणतो, दोन्ही पोर्तुगीजांचीच देणगी.

इंग्रजांच्या काळात फारसं नाट्य नाही. 1814 ला विल्यम ऑल्ट नावाचा मेथडिस्ट पाद्री आला, शाळा काढली, वर्षभरात वारला, शाळा अजून चालू आहे. 1924 ला कल्लडीचा लोखंडी पूल झाला, 1928 च्या सुमारास रेल्वे आली. आणि एक गोष्ट जी या गावाचा ट्रेडमार्कच झालीये, गाणारे मासे. एप्रिल ते सप्टेंबरच्या चांदण्या रात्री कल्लडीच्या पुलाजवळ होडी थांबवली की पाण्याखालून तारा छेडल्यासारखे आवाज येतात म्हणे. इमर्सन टेनंट हा इंग्रज अधिकारी 1848 मध्ये होडीच्या लाकडाला कान लावून ऐकत बसला होता आणि त्याचा अंदाज होता की मासे नाहीत, शिंपले असावेत. गाववाल्यांना फरक पडत नाही, त्यांच्यासाठी हा 'मीन पाडुम् तेन्नाडु', मासे गातात तो मधाचा मुलुख.

त्यानंतरचं लिहायला जड जातं. 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू बोट याच किनाऱ्यासमोर बुडवली, 300 च्या वर माणसं गेली, सांगाडा अजून तळाशी आहे. 1978 च्या नोव्हेंबरात चक्रीवादळ. मग यादवी युद्ध, ज्यात शेजारीपाजारी राहिलेले तमिळ आणि मुसलमान एकमेकांना पारखे झाले. 3 ऑगस्ट 1990 ला काट्टनकुडीच्या मशिदींमध्ये नमाज चालू असताना 100 हून अधिक लोक मारले गेले, आणि महिना-सव्वा महिन्यात जवळच्याच सत्तुरुक्कोंडानला तमिळ गावकऱ्यांचं तसंच हत्याकांड झालं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली ती या वाळूच्या पट्टीवरूनच आत आली. नावलडी हे पट्टीवरचं गाव उद्ध्वस्त झालं आणि डच बार नावाच्या वस्तीतले बर्घरही मोठ्या संख्येने गेले, आधीच मूठभर त्यात हे. 2019 च्या ईस्टरला इथल्या झायन चर्चमध्ये स्फोट झाला, मेलेल्यांत लहान मुलं बरीच होती.

आणि तरी रोजचं गाव बघितलं तर विषय तेच, कोळंबी, खेकडे, भात, मडक्यात विरजलेलं म्हशीचं घट्ट दही. कोरड्या दिवसांत समुद्र वाळू ढकलून मुगत्तुवारम बुजवून टाकतो. ऑक्टोबरपासून ईशान्य मान्सून सुरू झाला की खाजण फुगतं, काठचं भात पाण्याखाली जायला लागतं, मग शेतकरी म्हणतात दांडा कापा, पाणी सोडा. मच्छीमारांचं गणित वेगळं, घाईने कापलं तर कोळंबी पुरती वाढायच्या आत पाण्याबरोबर बाहेर जाते. मग मशीन कधी लावायचं ते ठरवायला दोघंही कच्चेरीत.