रस्त्याच्या अलीकडे शून्य, पलीकडे चेक: अमेरिकेतल्या शेती सबसिडीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेतीसाठी कुणाला किती सरकारी पैसे मिळाले याचे आकडे बाहेर आले की 'फुकटे' वगैरे सुरू होतं. पण त्या आकड्यांमागचं गणित कुणी बघत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जुनं पटकन उरकतो. 1933 मध्ये मंदीत भाव पार कोसळले होते, तेव्हा सरकारने कमी पेरा म्हणून पैसे दिले, उभा कापूससुद्धा नांगरून टाकायला लावला. पुढे बरेच कायदे आले गेले. 1996 नंतर आज काय पेरलंय याच्याशी पैशाचा संबंध जवळपास तुटला आणि सगळं 'बेस एकर'वर आलं, म्हणजे पूर्वी काय लावत होतात त्याची दप्तरी नोंद. मक्याचा बेस आहे आणि तुम्ही सोयाबीन लावलं तरी पैसे मक्याचेच. भाव तेजीत असतानाही वर्षाला साधारण 5 अब्ज डॉलर असे वाटले जायचे, त्यावर ओरड झाली आणि 2014 च्या कायद्याने ते बंद झालं.

त्याच कायद्यात शेतकऱ्यांना सांगितलं, एकतर ठरलेल्या भावाची हमी घ्या नाहीतर काउंटीच्या सरासरी उत्पन्नाची, आणि एकदा निवडलं की 2018 च्या पिकापर्यंत बदल नाही. मका-सोयाबीनच्या 90 टक्क्यांहून जास्त बेस एकरांसाठी काउंटीवाली हमी निवडली गेली. आता यात तुमच्या शेतात किती पिकलं याला काहीच किंमत नाही, अख्ख्या काउंटीचं उत्पन्न मागच्या सरासरीच्या 86 टक्क्यांखाली गेलं तरच पैसे, तेही 85 टक्के बेसवर. समजा रस्त्याच्या दोन बाजूंना दोन काउंट्या, दोन्हींची सरासरी एकरी 170 बुशेल (धान्याचं अमेरिकी माप) मका आणि बुशेलला भाव 4 डॉलर, म्हणजे 680, त्याचे 86 टक्के 584.80. यंदा भाव 3.50 झाला. रस्त्याच्या अलीकडच्या काउंटीत 170 बुशेल पिकलं, 595 झाले, मिळालं शून्य. पलीकडे 160 पिकलं, 560 झाले, म्हणजे एकरी 24.80 डॉलर आणि 100 बेस एकरला 2,108. माती तीच, पाऊस तोच. वर काउंटीत किती पिकलं हा आकडा मुळात सर्व्हेवरून, फॉर्म कमी भरून आले की दुसरीकडचा आकडा लावायचा. शेत एका काउंटीत आणि कागद शेजारच्या काउंटीच्या सरकारी ऑफिसात असेल तर हिशोब ऑफिसवाल्या काउंटीचा! माझ्या मते हे डोकं वापरून केलेलं कामच नव्हतं.

2018 च्या कायद्याने थोडं सावरलं: पीकविम्याचा डेटा आधी बघायचा, शेत जिथे आहे तीच काउंटी धरायची, आणि 2021 पासून दरवर्षी निवड बदलता येते.

तेवढ्यात चीनशी टॅरिफची मारामारी. त्याची भरपाई म्हणून सरकारने 2018 ला दिले सोयाबीनला बुशेलमागे 1.65 डॉलर आणि मक्याला चक्क 1 सेंट. मकावाले भडकले, मग 2019 ला पीक कुठलंही असो, काउंटीनुसार एकरी 15 ते 150 डॉलर असा एकच दर. म्हणजे पुन्हा हद्दीचंच भांडण. 2020 ला कोविडचे पैसे वेगळे.

2025 मध्ये काउंटीच्या हमीची 86 टक्क्यांची रेषा 90 टक्क्यांवर गेली, मक्याचा हमीदर 3.70 वरून 4.10, माणशी मर्यादा 1,25,000 वरून 1,55,000 डॉलर, आणि देशभरात 3 कोटी एकरांपर्यंत नवीन बेस. 2025 च्या पिकाचे पैसे मात्र ऑक्टोबर 2026 च्या आधी हातात नाहीत, बियाण्याचं बिल तोवर थांबत नसतं.