बारा गोल म्हणजे नक्की किती?

फुटबॉलचा सीझन तोंडावर आला की कोल्हापुरात पेठापेठांत एकच विषय: यंदा चषक कुठल्या संघाचा? पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल. कुणी बाहेरून कुठला स्ट्रायकर आणला, कुणाचा गोलकीपर कुणी फोडला, यावर कट्ट्यावर निकाल लावूनही होतो. पुरावा विचारला की उत्तर ठरलेलं, गेल्या वर्षी किती गोल मारले बघा की! हा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नाही.

फुटबॉलमध्ये गोल ही तुरळक घटना आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येसुद्धा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून पावणेतीनच्या आसपास गोल होतात. अशा तुरळक घटनांची मोजदाद प्वासाँ वितरणात, म्हणजे सरासरीवरून 0, 1, 2 अशा प्रत्येक संख्येची शक्यता सांगणाऱ्या सूत्रात, बऱ्यापैकी बसते. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी 1898 मध्ये प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी दगावलेल्यांचे आकडे याच सूत्रात बसवून दाखवले होते. पुढे 1982 मध्ये माहेर नावाच्या संशोधकांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे आकडे देऊन फुटबॉलचे निकाल मांडले.

आकडे काढायची रीत सोपी आहे. समजा, आठ सामन्यांत सरासरी संघ 10 गोल मारतो आणि 10 खातो, म्हणजे सामन्याला 1.25. आपल्या संघाने 12 मारले, 8 खाल्ले. म्हणजे आक्रमण 1.2, बचाव 0.8 (बचावाचा आकडा जितका कमी तितका चांगला). समोर सरासरी संघ असेल तर आपल्याकडून अपेक्षित गोल 1.25 गुणिले 1.2, म्हणजे 1.5, त्यांच्याकडून 1.25 गुणिले 0.8, म्हणजे 1. आता प्वासाँच्या सूत्राने 0-0, 1-0, 1-1 अशा प्रत्येक स्कोअरची शक्यता काढून बेरीज करा. आपला विजय 49 टक्के, बरोबरी 26, हार 25. दीडपट गोल करू शकणारा संघसुद्धा निम्म्याहून जास्त वेळा जिंकत नाही!

खरी गोम पुढेच आहे. प्वासाँची खोड अशी, की मोजलेली संख्या साधारण तिच्या वर्गमुळाइतकी मागेपुढे होते. 12 चं वर्गमूळ साडेतीन. तोच संघ, त्याच दमाने, पुन्हा तेच आठ सामने खेळला तर 9 गोलही होतील, 15ही होतील, आणि त्यात कुणाचा फॉर्म गेला असंही नाही. म्हणजे आपण ऐटीत लिहिलेला 1.2 हा आकडा खरं तर 0.85 ते 1.55 मध्ये कुठंही असू शकतो. 0.85 म्हणजे सरासरीपेक्षा वाईट. आठ सामन्यांच्या गोलांवरून संघ भारी की सुमार, एवढंही ठामपणे सांगता येत नाही.

यावर इलाज म्हणजे जास्त वेळा घडणारी गोष्ट मोजायची. गोलऐवजी शॉट, म्हणजे गोलच्या दिशेने मारलेले फटके, मोजा. सामन्याला 12 शॉट धरले तर आठ सामन्यांत 96. वर्गमूळ जेमतेम 10. गोलांत तीसेक टक्क्यांची चूक होती, ती दहावर आली. गॅलरीत वही घेऊन बसणाऱ्याने प्रत्येक शॉटला मिनिट, जागा, पाय की डोकं आणि त्या वेळचा स्कोअर एवढं टिपलं तरी पुरे. जागा महत्त्वाची, कारण सगळे शॉट सारखे नसतात: पेनल्टी चारांतल्या तीनाहून थोड्या जास्त आत जातात, तर गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सबाहेरचे बहुतेक फटके वाया. लांबून वीस बार उडवणारा संघ नुसत्या मोजणीत उगाच मोठा दिसतो. स्कोअर टिपायचा तो यासाठी, की 2-0 ने पुढे गेलेला संघ मागे सरकून बसतो आणि हरणाऱ्याचे शॉट वाढतात. बरोबरी असतानाचे शॉट वेगळे काढून बघावेत.

कोल्हापूरचा एक फायदा आहे. बहुतेक सामने राजर्षी शाहू स्टेडियमवरच होतात, त्यामुळे घरचं मैदान, परकं मैदान हा हिशेब जवळपास गळतो. प्रेक्षकांचा दबाव मात्र उरतोच. 2020 मध्ये जर्मनीत रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा यजमानांचा फायदा घटलेला दिसला होता.

गोलपोस्टला लिंबू बांधणाऱ्यांसाठी एवढंच: 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामने बरोबर सांगितले. नुसत्या नाणेफेकीने असं 256 मध्ये एकदा होतं. जगभर शेकडो प्राणी भविष्य सांगायला बसवले, तर एखाद्याचं जुळणारच, आणि बातमी त्याचीच होते. ‘चषक आपलाच’ म्हणणाऱ्या डिजिटल फलकांचंही तेच.

गेल्या वर्षीच्या विजेत्याचा आकडा म्हणूनच थोडा सरासरीकडे ओढून घ्यावा. सामने जितके कमी तितका जास्त. लेस्टर सिटीने 2015-16 मध्ये 81 गुणांसह प्रीमियर लीग जिंकली, पुढच्या सीझनला 44 गुणांवर बारावा नंबर. तेही 38 सामन्यांच्या लीगमध्ये.

नॉकआउटमध्ये तर गणित आणखी निर्दय होतं. बरोबरीचे 26 टक्के टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टींवर, जातात, तिथं निम्मेनिम्म धरा. म्हणजे आपल्या 1.5 विरुद्ध 1 वाल्या संघाची फेरी पार करायची शक्यता 62 टक्के. सोळा संघांत चार फेऱ्या असतात; 0.62 चा चौथा घात काढला की जेमतेम 15 टक्के उरतात. सोळात एक, म्हणजे सहा टक्के, हा सगळे संघ सारखे असतानाचा वाटा. त्याच्या दुप्पट भरूनही तो संघ सातांतल्या सहा वेळा चषकाविनाच परततो, आणि कट्ट्यावर कोच बदलायची चर्चा सुरू होते.