मायावरण, युद्धवाहनांवरील

रणगाडे, चिलखती गाड्या, तोफगाडे व मालवाहू ट्रक शत्रूच्या नजरेत चटकन भरू नयेत, किंवा भरलेच तर त्यांचा आकार, अंतर आणि जाण्याची दिशा नीट उमगू नये, यासाठी त्यांवर केलेली रंगयोजना. हिरवा किंवा मातकट असा एकच रंग देणे ही यातील सर्वांत रुळलेली पद्धत होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या वाटेने न गेलेल्या योजनांचा विचार केला आहे. गुलाबी, चौकटीदार, तिरप्या पट्ट्यांच्या अशा या योजना आज छायाचित्रांत विचित्र वाटतात. मात्र त्यांतील बहुतेक एखाद्या विशिष्ट प्रकाशासाठी, अंतरासाठी व पार्श्वभूमीसाठी विचारपूर्वक आखलेल्या होत्या.

उगम : या कल्पनेचे श्रेय कोणाकडे जाते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर यांनी १८९६ मध्ये प्राण्यांच्या रंगाविषयीचे आपले विवेचन प्रसिद्ध केले. प्राण्याची पाठ गडद व पोट फिके असल्याने वरून पडणाऱ्या उजेडाची छाया पुसली जाते आणि शरीराचा उठाव दिसेनासा होतो, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम केर यांनी १९१४ मध्ये नौदलापुढे अशाच स्वरूपाची सूचना मांडली. झेब्रा व जिराफ यांच्या अंगावरील नक्षीप्रमाणे ठळक, परस्परविरोधी पट्टे दिल्यास जहाजाची बाह्यरेषा तुटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९१७ मध्ये चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांसाठी ‘डॅझल’ पद्धत रूढ केली, तेव्हा केर यांनी अग्रक्रमाचा दावा केला. परंतु युद्धानंतर शोधांच्या पारितोषिकांसाठी नेमलेल्या ब्रिटिश शाही आयोगाने श्रेय विल्किन्सन यांना दिले. दोघांचे उद्दिष्ट मुळात एक नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. केर यांना जहाज दिसणे कठीण करायचे होते. विल्किन्सन यांनी ते दिसणारच हे गृहीत धरले आणि पाणबुडीवरील निरीक्षकाचा जहाजाच्या दिशेविषयीचा अंदाज चुकवण्यावर भर दिला.

जमिनीवरील वाहनांपुरते पाहता फ्रेंच परंपरा अधिक निकटची ठरते. चित्रकार ल्यूसियाँ-व्हिक्तोर गिराँ द सेव्होला यांच्या पुढाकाराने फ्रेंच सैन्यात १९१५ च्या सुरुवातीस मायावरणाचे स्वतंत्र पथक उभे राहिले. तोफांवर व गाड्यांवर वेडेवाकडे रंगीत ठिगळ देण्याची रीत तेथूनच पसरली असावी. वस्तूचे भौमितिक तुकडे पाडून चित्रण करणाऱ्या क्यूबिस्ट चित्रशैलीतून ही कल्पना आली, असे पुष्कळदा म्हटले जाते. गिराँ द सेव्होला यांनीही त्या शैलीशी नाते सांगितले आहे. तथापि ते स्वतः त्या संप्रदायाचे चित्रकार नव्हते. त्यामुळे क्यूबिझम हा उगम मानण्यापेक्षा वस्तूचा आकार तोडून दाखवण्याचे समकालीन साधर्म्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिले महायुद्ध : १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोम आघाडीवर रणगाडे प्रथम रणांगणात उतरले. त्यांतील अनेकांवर रॉयल अकादमीचे सदस्य सॉलोमन जे. सॉलोमन यांच्या योजनेनुसार अनेक रंगांचे ठिगळ होते. योजना कष्टाने केलेली होती, पण दोन-चार मैल चालताच आघाडीवरील चिखलाने गाडी साखळीपट्ट्यांपासून छतापर्यंत माखून जाई आणि खालचा रंग दिसतच नसे. पुढे एकरंगी तपकिरी छटाच पुरेशी मानली गेली. जर्मन सैन्यात जुलै १९१८ च्या आदेशान्वये तोफांवर व शिरस्त्राणांवर बहुकोनी रंगीत तुकडे व त्यांमध्ये बोटभर रुंदीच्या काळ्या रेषा अशी नक्षी आली.

कॉन्टर योजना : वाळवंटी युद्धातील ही योजना सर्वांत चर्चिली गेलेली आहे. सातव्या आर्मर्ड डिव्हिजनमधील चौथ्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन कॉन्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९४० व १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश वाहनांवर, तसेच ग्रीसमध्ये पाठवलेल्या रणगाड्यांवर ती आढळते. तिच्यात वळणदार ठिगळ नाहीत. सरळ कडांचे तीन रंगी पट्टे वेगवेगळ्या कोनांत तिरपे उतरतात आणि बुरूज, सांगाडा व साखळीपट्टे यांच्या सांध्यांवरून बेधडक ओलांडून जातात. वाळवंटात आडोसा नसतो. अशा वेळी गाडीची चौकोनी बाह्यरेषा मोडणे एवढेच हाती राहते, ही यामागील दृष्टी.

वाद आहे तो मधल्या रंगाचा. अनेक पुस्तकांत, खेळण्यांतील प्रतिकृतींवर आणि काही संग्रहालयांतील जीर्णोद्धारित रणगाड्यांवरही हा पट्टा उघड निळा, जवळजवळ आकाशी रंगवलेला आढळतो. अधिकृत ब्रिटिश रंगतक्त्यानुसार मात्र ही योजना अशी होती : सर्वांत फिका रंग ‘पोर्टलँड स्टोन’ (क्र. ६४) किंवा ‘लाइट स्टोन’ (क्र. ६१), मधला ‘सिल्व्हर ग्रे’ (क्र. २८) आणि सर्वांत गडद ‘स्लेट’ (क्र. ३४). यांतील ‘सिल्व्हर ग्रे’ नावाला रुपेरी असला तरी प्रत्यक्षात हिरवट झाक असलेला करडा आहे. मग निळा आला कोठून? याची तीन कारणे संभवतात. पहिले, पिवळसर दगडी रंगाशेजारी ठेवलेला करडा रंग डोळ्याला निळसर भासतो. रंगसंगती शिकणाऱ्या कोणासही हा अनुभव येतो. दुसरे, उपलब्ध छायाचित्रे बहुतांशी कृष्णधवल असून त्यांतून केवळ गडद-फिकेपणा कळतो, रंग कळत नाही. तिसरे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या आठवणी अनेक वर्षांनी नोंदल्या गेल्या. आदेशातील रंगक्रमांक व रंगतक्ता यांची साक्ष आठवणींपेक्षा भक्कम असल्याने अलीकडील अभ्यासकांचा कल हिरवट करड्याकडे आहे, व तोच ग्राह्य दिसतो. स्थानिक कार्यशाळांत मिळेल तो रंग मिसळून वापरला जात असल्याने एखाद्या गाडीवर निळसर छटा प्रत्यक्षात असण्याची शक्यता त्यामुळे संपत नाही. साधारण १९४१ च्या अखेरीस ही योजना मागे पडली. काटेकोर सरळ पट्टे आखून रंगवण्यास वेळ लागे, हेही एक कारण असावे.

जर्मन योजना : फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन वाहने कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघू लागली. तांबूस तपकिरी व ऑलिव्ह हिरवा हे रंग दाट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना दिले जात. सैनिक ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून फवाऱ्याने, फवारा नसेल तर कुंचल्याने वा चिंध्यांनी देत. पाण्यात कालवलेला रंग पावसात ओघळून जाई, पेट्रोलमधला टिके. साहजिकच एकाच तुकडीतील दोन गाड्याही सारख्या दिसत नसत. ऑगस्ट १९४४ मध्ये कारखान्यातच दिली जाणारी ‘दबा’ योजना आली. तिच्यात तिन्ही रंगांच्या ठिगळांवर विरुद्ध रंगाचे ठिपके असत. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे कवडसे भासावेत, हा हेतू. झाडीत दबा धरून बसलेल्या गाडीला विमानांपासून लपवण्याची गरज तोवर फार वाढली होती.

हिमप्रदेशात बहुतेक सर्वच सैन्यांनी चुन्याची सफेदी वापरली. ती स्वस्त असून वसंत येताच धुऊन काढता येई.

गुलाबी छटा : पहाटे व सायंकाळी वाळवंटातील उजेड तांबूस होतो, तेव्हा फिकट जांभळट गुलाबी वस्तू क्षितिजात विरते. लुई माउंटबॅटन यांनी १९४० च्या सुमारास आपल्या विनाशिकांवर अशी छटा दिली होती. भर दुपारी ती उलट गडद दिसे, हा तिचा दोष. जमिनीवर तिचा ठळक वापर ब्रिटिश विशेष हवाई सेवा (एसएएस) या भूसेनेच्या खास छापामार दलाने केला. १९६८ च्या सुमारास लँड रोव्हरच्या लांब सांगाड्यावर अशा ७२ गाड्या बांधण्यात आल्या. ‘पिंकी’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या ओमानमधील धोफारच्या मोहिमेत वापरल्या गेल्या.

शीतयुद्धकाळ : अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात बारा रंगांच्या संचातून चार-चार रंग निवडण्याची पद्धत आखली. तिची खुबी अशी की ऋतू किंवा प्रदेश बदलल्यास नक्षी तशीच ठेवून एक-दोन रंगच बदलले की काम भागे. याच काळात टिमोथी ओनील या अधिकाऱ्याने लहान चौकोनांनी बनलेली ‘ड्युअल-टेक्स’ नक्षी तयार केली. दुरून चौकोन एकमेकांत मिसळून मोठे ठिगळ दिसतात, जवळून तेच पानापाचोळ्यासारखे वाटतात. आजच्या तथाकथित डिजिटल नक्षीची ही पूर्वज होय.

बर्लिन योजना शहरासाठी होती. १९८० च्या दशकात पश्चिम बर्लिनमधील ब्रिटिश चीफ्टन रणगाड्यांवर पांढरे, करडे व तपकिरी आयत आखण्यात आले. मोकळ्या मैदानात असा रणगाडा लांबूनच डोळ्यांत खुपतो. तोच इमारतीच्या भिंतीला लगटून उभा केला की त्याच्या कडा खिडक्या-दारांच्या चौकटींत हरवतात. उभ्या-आडव्या रेषांच्या परिसरात वळणदार ठिगळच उलट परके ठरतात.

दृश्य प्रकाशापलीकडे : हिरवी पाने अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, साधा हिरवा रंग करत नाही. त्यामुळे अवरक्त साधनांतून झाडीतील गाडी काळा डाग म्हणून उठून दिसते. यावर उपाय म्हणून तसेच परावर्तन देणारी रंगद्रव्ये वापरली जातात. इंजिनाची उष्णता मात्र रंगाने झाकत नाही. २०११ मध्ये दाखवण्यात आलेल्या ‘अडॅप्टिव्ह’ प्रणालीत चिलखती गाडीवर षट्कोनी फरशा बसवून प्रत्येकीचे तापमान स्वतंत्रपणे बदलले जाते. उष्णतादर्शी दुर्बिणीतून पाहणाऱ्यास गाडी आसपासच्या परिसरात मिसळलेली किंवा साध्या मोटारीसारखी भासते.

ओळखखुणा : मायावरणाच्या नेमक्या उलट हेतूच्या खुणाही याच वाहनांवर असतात. जर्मनांनी हस्तगत केलेले ब्रिटिश रणगाडे वापरात आणल्यावर १९१८ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या रणगाड्यांवर पांढरे-तांबडे-पांढरे उभे पट्टे ओढले. १९९१ च्या आखाती युद्धात मित्रराष्ट्रांच्या वाहनांवर उलटा ‘व्ही’ होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेची वाहने दुरूनही ओळखता यावीत म्हणून पूर्ण पांढरी रंगवली जातात.