सायकल मेकॅनिकचं काम शिकायचंय? बेळगाव सीमाभागासाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

सायकल दुरुस्तीसाठी ‘पीएम विश्वकर्मा’ या केंद्राच्या कारागीर योजनेत अर्ज करायला दर आठवड्याला कुणीतरी सेवा केंद्रात जातं आणि हात हलवत परत येतं. त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, शिंपी, अगदी कुलूप बनवणारेसुद्धा. सायकल मेकॅनिक त्यात नाही. ‘लोहार म्हणून टाकतो’ असं सुचवणारा एजंट भेटला तर त्याचं ऐकू नका. पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून सुरू होते आणि तुम्ही कधी ऐरण धरलेली नाही हे गावाला ठाऊक असतं. आयटीआयतही मोटार मेकॅनिक, फिटर, वेल्डर मिळतील, नुसत्या सायकलीचा ट्रेड नाही. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत दुचाकी दुरुस्तीचा मोफत निवासी कोर्स असतो, पण तिथली दुचाकी म्हणजे मोटारसायकल.

म्हणून वाट अशी: काम सामुदायिक सायकल प्रकल्पात शिकायचं, तिथून नीट लिहिलेलं अनुभवपत्र घ्यायचं, मग ई-श्रम (असंघटित कामगारांची केंद्राची नोंदणी), मग उद्यम (छोट्या व्यवसायाची नोंदणी) आणि त्यानंतरच कर्जाचा अर्ज. हा क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवर मागचा कागद मागतात.

प्रकल्पात प्रवेश

अशा प्रकल्पात लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली शिकाऊंकडून दुरुस्त करून घेतात आणि गरजूंना देतात. सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलांना कर्नाटकाने २००६-०७ पासून वाटलेल्या सायकलींपैकी कित्येक अजून गावोगावी गोठ्यात, माळ्यावर पडून आहेत. शिकायला यापेक्षा चांगला माल नाही, कारण त्यात सगळंच बिघडलेलं असतं.

प्रवेशाला शिक्षणाची अट सहसा नसते. अंकगणित आणि माप वाचता आलं पाहिजे, एवढंच. वय १८ पूर्ण असेल तर पुढच्या सगळ्या अर्जांना सोपं जातं. त्याआधी यायचं असेल तर पालकांचं संमतीपत्र द्यावं आणि शाळा न बुडवता सुट्टीच्या दिवशी यावं. सोबत आधारची झेरॉक्स, दोन फोटो, शाळेचा दाखला आणि पत्त्यासाठी रेशन कार्ड आणा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर आधी घेऊन या. गंजलेल्या मडगार्डाची कड पहिल्याच दिवशी हात कापते.

नावाचा घोळ आधी मिटवा

सीमाभागातले बरेच अर्ज कौशल्यावर नाही, नावावर अडकतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘परशराम’, आधारवर कानडी आणि इंग्रजीत ‘परशुराम’. दाखल्यावर ‘कल्लाप्पा’, बँकेत इंग्रजीत एकच ‘एल’. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे आडनावच नाही. माणसाला हे एकच नाव वाटतं. संगणकाला तीन माणसं दिसतात.

आधार, पॅन आणि बँक पासबुक या तिघांवरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरनअक्षर सारखं हवं. दुरुस्ती कुठल्या कागदावर करायची हे विचार करून ठरवा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. पॅन बदलणं त्यापेक्षा सोपं. जन्मतारखेला शाळेचा दाखला प्रमाण धरावा. आधारवर ‘०१/०१’ अशी तारीख असेल तर ती बहुधा अंदाजाने टाकलेली असते, ती एकदाची दुरुस्ती तिथे खर्च करा.

जुन्या कागदांवर ‘बेळगाव’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बदललं, हा फरक चूक धरत नाहीत. मोबाइल नंबर मात्र आधारला जोडलेलाच हवा. चुलत्याचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी चुलत्याकडे जाईल आणि चुलते त्या वेळी उसाच्या फडात असतील.

काय शिकलं म्हणजे शिकलं

अनुभवपत्रावर ‘सायकलीचं सर्व काम येतं’ लिहिलेलं असलं तर बँकेच्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. पत्रात कामांची नावं हवीत, आणि ती कामं खरंच आली पाहिजेत.

पंक्चर सगळ्यांना येतं असं वाटतं. छिद्र बुजवता येतं, ते का पडलं हे कळत नाही. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि ट्यूब रिम व दगडाच्या मधे चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमची पट्टी सरकलीय. तिथे कितीही पॅच लावा, चार दिवसांत गिऱ्हाईक परत येतं. अथणी, रायबागकडच्या कोरड्या भागात बाभळीचा काटा टायरात मोडून राहतो. टायर आतून बोटाने चाचपल्याशिवाय ट्यूब घालायची नाही. सोल्युशन लावून लगेच पॅच चिकटवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. घासलेल्या जागी पातळ थर द्यावा, चकाकी जाईपर्यंत तीन ते पाच मिनिटं थांबावं आणि मगच पॅच दाबावा.

टायरचं माप पाठ हवं. ‘२६ नंबर’ म्हणून गिऱ्हाईक मागतं तेव्हा ते अर्धंच माप असतं. २६ × १⅜ टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, तर जाड गोट्यांचा २६ × १.९५ हा ५५९ वर. दोन्ही २६, पण एकमेकांवर बसत नाहीत. टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी व्यास वाचायची सवय लावा, दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

छर्रे बदलणं हे खरं कसोटीचं काम. साधारण काळ्या सायकलीत मागच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पाव इंची ९-९, पुढच्याला ३/१६ इंची १०-१० छर्रे असतात. उघडतानाच मोजावेत. जुने आणि नवे मिसळले की नवे जरा मोठे असल्याने सगळा भार त्यांच्यावर येतो आणि कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट, खरडला जातो. कपात जितके मावतील त्यापेक्षा एक कमी घालायचा. कोन आवळताना चाक हाताने फिरवून बघावं: खडखड लागली तर घट्ट, रिम आडवी हलली तर सैल. एक्सलचा नट शेवटी आवळला की कोन आणखी थोडा दाबला जातो, म्हणून आधी केसभर सैल ठेवायचा. खानापूर भागात पावसाळ्यानंतर हब उघडला की ग्रीसच्या जागी तांबडा चिखल निघतो. त्या बाजूच्या सायकलींना वर्षातून एकदा ग्रीस पुरत नाही, एकदा पावसाआधी आणि एकदा नंतर द्यावं लागतं.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणारी खुंटी, काढताना हातोडा कुठे मारायचा यापेक्षा खाली आधार कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाच्या पातळीत आणून ठेवायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवायचा आणि मग एकच सरळ, जोराचा ठोका. आधार न देता दहा हलके ठोके मारले की पिन वाकते आणि प्रत्येक ठोका आतल्या छर्ऱ्यांवर बसतो. नव्या पिना घालताना दोन्हींची तोंडं उलट दिशेला हवीत, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि चालवणारा ‘पाय लचकतोय’ म्हणतो. आठवड्याने नट परत आवळायला बोलवा, नवी पिन बसताना थोडी ढिली पडतेच.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. हे माहीत नसलेला शिकाऊ पान्ह्यावर उभा राहून पायडल आणखी आवळतो.

चेन मापायला एक फूटपट्टी पुरते. पिनच्या मध्यापासून बारा पूर्ण कड्या मोजल्या की बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. अर्धं सूत (१/१६ इंच) जास्त भरली तर चेन बदला. एक सूत जास्त असेल तर फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चाक, तेही गेलेलं असतं. त्यावर नवी चेन घातली तर ती दातांवरून उडी मारते.

रिंगचा आउट (रिमचा वाकडेपणा) काढणं सगळ्यात उशिरा येतं. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागच्या उजव्या बाजूच्या स्पोकचा निप्पल (रिमजवळचा छोटा नट) पाव वळसा आवळायचा, डावा पाव वळसा सैल करायचा. अर्ध्या वळशाची घाई केली की बाजूचा आउट जातो आणि रिम अंडाकृती होते. निप्पलची दिशा टायरकडून बघून ठरते. चाकाच्या खालच्या भागात काम करताना डोक्यात ती उलटी होते आणि आवळायचं ते सैल होतं. साध्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. वीस-पंचवीस चाकं हाताखालून गेल्याशिवाय हे काम पत्रात लिहून घेऊ नका.

अनुभवपत्र

लेटरहेड, शिकण्याची सुरुवात आणि शेवटची तारीख, एकूण तास, कामांची यादी, जबाबदार माणसाची सही, शिक्का. नाव आधारप्रमाणे. पत्र कानडी किंवा इंग्रजीत घ्या, कारण फाइल जिथे जाते तिथे याच दोन भाषा चालतात. मराठी प्रत स्वतःजवळ ठेवा. हे सरकारी प्रमाणपत्र नाही, पण कर्जाच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्याला जोडायला एवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

ई-श्रम

वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआयचा सभासद नसलेला आणि आयकर न भरणारा असंघटित कामगार. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक खातं लागतं. नोंदणी मोफत आहे, शेवटी १२ अंकी क्रमांक मिळतो. चूक होते ती व्यवसायाच्या रकान्यात. ऑपरेटर ‘मेकॅनिक’ शोधतो आणि पहिलं दिसेल ते, म्हणजे मोटार मेकॅनिक, निवडतो. सायकल दुरुस्ती करणाऱ्यांचा राष्ट्रीय व्यवसाय गट ७२३४ आहे, मोटारवाल्यांचा ७२३१. आकडा चिठ्ठीवर लिहून न्या आणि सबमिट करण्याआधी स्क्रीन वाचा.

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला

राज्याच्या विकास महामंडळाच्या कर्जासाठी हा लागतो. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) किंवा ‘ग्राम वन’ (One) सेवा केंद्रात अर्ज होतो. मागासवर्गीयांचा जात व उत्पन्न दाखला एकत्र निघतो आणि पाच वर्षं चालतो. त्यावरचा आरडी क्रमांक पुढच्या ऑनलाइन अर्जात टाकावा लागतो. कर्नाटकात मराठा समाज ३-ब प्रवर्गात येतो आणि या समाजासाठी राज्याचं स्वतंत्र विकास महामंडळ आहे. त्याच्या स्वयंरोजगार कर्जाचे अर्ज वर्षभर उघडे नसतात. जाहिरात निघाली की राज्याच्या सेवासिंधू पोर्टलवर भरायचे. दाखला जुना झाला असेल तर जाहिरातीची वाट न बघता आधीच नवा काढा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर आणि तलाठी दोघेही सापडत नाहीत.

चंदगड भागातून बेळगावात कामाला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ई-श्रम आणि उद्यम केंद्राच्या आहेत, तिथे महाराष्ट्रातला पत्ता अडत नाही. कर्नाटकाच्या महामंडळाला मात्र महाराष्ट्राचा जातीचा दाखला चालत नाही.

टपरी टाकायची असेल तर

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात रस्त्यावर सेवा देणाराही फेरीवाला धरलाय, म्हणजे फूटपाथवर पंप आणि पेटी घेऊन बसणारा सायकलवालासुद्धा. ओळखपत्र किंवा शिफारसपत्र स्थानिक संस्थेकडून घ्यायचं: शहरात महानगरपालिका, निपाणीत नगरपालिका, खानापुरात पट्टण पंचायत. कॅम्प भागात जागा असेल तर कँटोन्मेंट बोर्डाकडे जा, महापालिका तो अर्ज घेणार नाही. ते पत्र हातात आलं की पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांच्या कर्ज योजनेचा पहिला हप्ता १५,००० रुपये, वेळेवर फेडला तर पुढे २५,००० आणि मग ५०,०००. व्याजावर ७ टक्के सवलत खात्यात येते. दोन बँकांत खाती असतील तर अशी रक्कम आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पासबुकात दिसली नाही तर आधी दुसरं खातं तपासा.

उद्यम आणि बँक

उद्यम नोंदणी मोफत आहे, स्वयंघोषणेवर होते. पॅन नसेल तर ‘उद्यम असिस्ट’ पोर्टलमधून बँकेमार्फत करता येते. इथेही व्यवसायाचा कोड जपून निवडा. सायकल दुरुस्ती ९५२९ या वर्गात येते. ४५४० निवडलात तर तुम्ही मोटारसायकलचे विक्रेते-दुरुस्तीवाले होता आणि बँक गॅरेजची जागा आणि परवाना विचारते.

मुद्रा या केंद्राच्या कर्ज योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. अर्जासोबत अवजारांचं कोटेशन लागतं, आणि ते ‘सायकल टूल किट, १ नग’ असं आणलं की परत पाठवतात. दुकानदाराकडून एकेक वस्तू लिहून घ्या: चार इंची व्हाइस, १३ ते १६ नंबरचे कोन पान्हे, १५ नंबरचा पायडल पान्हा, ४-५-६ नंबरच्या ॲलन की, चेन तोडणी, स्पोक की, फ्रीव्हील काढायचं टूल, टायर लिव्हरचे दोन जोड, उभा पंप, हातोडा, आणि दोन्ही मापांचे (पाव आणि ३/१६ इंची) छर्रे एकेक डबी. फ्रीव्हीलचं टूल दोन दातांचं आणि पट्ट्यांचं असं वेगवेगळं येतं, दोन्ही लिहा. चाक सरळ करायचा स्टँड महाग पडतो. तो यादीत नसला तरी चालतं, जुना फोर्क व्हाइसमध्ये उलटा धरून काम भागतं. कोटेशनवर तारीख, दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि तुमचं आधारप्रमाणे नाव आहे ना, हे दुकानातून बाहेर पडण्याआधी बघा.