लाल काड्यांचे नेमके नाव

सोलापूरच्या पूर्व भागातील एक विणकर डोळ्यांसमोर आणा. उभी हयात यंत्रमागावर गेली, मागे एकदा टीबी होऊन बराही झाला, आणि आता पुन्हा खोकला सुरू झाला आहे. त्याच्या थुंकीच्या स्लाइडवर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग गरम करून चढवतात, तो आम्लाने धुतात आणि वरून मिथिलिन ब्लू देतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. अहवाल येतो, 'एएफबी पॉझिटिव्ह', म्हणजे आम्लाला दाद न देणारे जिवाणू आढळले, आणि टीबी उलटला असे घरचे धरून चालतात.

वास्तविक त्या लाल काड्या एवढेच सांगत असतात, की या जिवाणूंच्या भिंतीत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर आहे आणि म्हणून आम्लानेही रंग सुटलेला नाही. असा थर मायकोबॅक्टेरियमच्या सबंध कुळातच असतो. या कुळात सुमारे २०० जाती आहेत. पुष्कळशा माती-पाण्यात राहतात, काही नळाच्या पाइपांतही टिकून असतात आणि आधीच्या आजाराने जायबंदी झालेल्या फुप्फुसात ठाण मांडू शकतात. स्लाइड पॉझिटिव्ह, पण सीबीनॅट या क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत तो जंतू नाही, असा विसंगत निकाल आला तर याच जातींची शंका घ्यावी लागते. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमावर, जंतू वाढतो, मात्र क्षयाच्या जंतूला अंड्याच्या माध्यमावर त्यासाठी कित्येक आठवडे लागतात, आणि वाढलेल्या पुंजक्याच्या रंगरूपावरून जात ठरवणे बेभरवशाचे असते.

जनुकीय क्रमवाचन इथे कामी येते. एरवी त्यासाठी '१६एस' या डीएनएच्या सुमारे १५०० अक्षरांच्या जनुकाचा भाग निवडतात. सोलापुरी चादर जाणणाऱ्याला यामागची युक्ती चटकन समजेल: वीण सगळ्या चादरींची सारखी, नक्षी मात्र निरनिराळी. या जनुकाचे काही पट्टे सर्व जातींत जवळपास सारखे असतात, तर मधले पट्टे जातीनुसार बदलतात. सारख्या पट्ट्यांना धरून पीसीआर या तंत्राने मधल्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या, यंत्राकडून त्यांतील अक्षरे वाचून घ्यायची आणि ज्ञात जातींच्या अक्षरमालेशी ताडून पाहायची. पडद्यावर चार रंगांची शिखरे एकामागून एक उमटत जातात. एका शिखराखाली दुसरे ठळक शिखर वारंवार डोकावू लागले, तर नमुन्यात दोन जाती मिसळल्या असाव्यात, हे सरावलेल्या नजरेला कळते.

मात्र एकाच जनुकावर विसंबून भागत नाही. मायकोबॅक्टेरियमची कान्सासी ही जात फुप्फुसाचा आजार करते, गॅस्ट्री ही जात सहसा निरुपद्रवी असते. तरीही दोघींचे १६एस तंतोतंत सारखे आहे. अब्सेसस आणि चेलोनी या जातींतही त्या जनुकात जेमतेम काही अक्षरांचा फरक आहे. म्हणून जोडीला एचएसपी६५ आणि आरपीओबी ही जनुकेही वाचतात. हा काथ्याकूट नव्हे, कारण नावाप्रमाणे औषध बदलते. कान्सासीवर रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध चालते, तर अब्सेससवर क्षयाची नेहमीची औषधे निष्प्रभ ठरतात. अब्सेससच्या पोटजातींतही ईआरएम४१ हे जनुक पाहावे लागते. ते शाबूत असलेला जंतू प्रयोगशाळेत तिसऱ्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देतो आणि चौदाव्या दिवशी त्याच औषधाला जुमानत नाही. मॅसिलिएन्स या पोटजातीत हेच जनुक तुटके असते, त्यामुळे तिच्यावर औषधाचा गुण टिकतो. नाव न कळता महिनोन्‌महिने गोळ्या गिळणाऱ्या रुग्णाची होणारी फरफट टाळता येण्याजोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

थुंकीतून थेट वाचन करणे अजून अवघड आहे, कारण तिच्यात माणसाचाच डीएनए भरमसाट असतो आणि जंतूची मेणचट भिंत फोडायलाही बारीक मण्यांसोबत घुसळण्यासारखे उपाय करावे लागतात. त्यामुळे बहुधा कल्चरमध्ये वाढलेला जंतूच वाचतात. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएही काही काळ टिकतो, म्हणून रुग्ण बरा झाला की नाही हे या तपासणीवरून ठरवता येत नाही.

आणि नाव कळले, तरी तो जंतू फुप्फुसातलाच होता की नळाच्या पाण्यातून नमुन्यात आला, हा प्रश्न उरतोच. म्हणून एकाच थुंकीच्या कल्चरवर सहसा निदान करत नाहीत. विणकराला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थुंकी द्यायला सांगतात, आणि त्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नका, असे बजावतात.